झोप आणणारी गोळी

नमस्कार मंडळी. आत्ता ओळख करून देताना मला डॉक्टर म्हटलं गेलं, ते आधी दुरुस्त करतो. मी डॉक्टर नव्हे. निपाणीत तीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा राहिलो, तेवढीच माझी पुंजी.

थंडी पडली, कारखाने सुरू झाले, ऊसतोड लागली की दिवेलागणीनंतर दुकानात एकच मागणी असते. "सर्दीची गोळी द्या की ओ. झोप लागणारी द्या." दिवसाची वेगळी आणि रात्रीची वेगळी, ही वाटणी आपल्याकडे गिऱ्हाईकानंच करून टाकली. अमेरिकेत ती कंपन्यांनी केली. नायक्विल नावाचं रात्रीचं औषध तिथे १९६६ पासून विकलं जातं. एका मावशींच्या जावयानं ती बाटली आणली होती आणि मावशी ती घेऊन माझ्याकडे आल्या. "वाचून सांगा, ह्यात काय हाय." वाचलं. पॅरासिटामॉल, खोकल्याचं एक औषध, दहा टक्के अल्कोहोल आणि झोप आणणारं डॉक्सिलअमीन. हे डॉक्सिलअमीन आपल्याकडे गरोदर बाईच्या उलट्यांवर डॉक्टर लिहून देतात. मावशींना हे सांगितल्यावर त्यांनी बाटली पिशवीत टाकली आणि तोंडाला पदर लावला. (हशा)

आपल्या गोळीत झोप आणतं ते बहुतेक वेळा क्लोरफेनिरामाइन. आम्ही सीपीएम म्हणतो. ॲलर्जीचं जुनं औषध आहे. नाक गळायचं थोडं थांबतं, शिंका आवरतात. सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत, त्यांतल्या एकालाही ते हात लावत नाही. झोप येते हा त्याचा दुष्परिणाम, आणि आपण म्हणतो, गोळीचा गुण आला!

ही झोप सकाळी उठल्यावर संपते असंही नाही. सीपीएम अंगातून निम्मं उतरायलाच वीसेक तास लागू शकतात. एक पोरगा यायचा, दोन ट्रॉल्या जोडून रात्री ऊस वाहणारा. गोळी मागितली, तेव्हा मी विचारलं, "खेप कधी?" म्हणाला, "आता जेवलो की निघणार." हायवेला लागायचं, मागे वीस-पंचवीस टन ऊस, ट्रॉलीला धड लाल दिवा नाही, आणि ह्याच्या पोटात सीपीएम. मी दिली नाही. तो पुढच्या दुकानात गेला.

आता घरातलं सांगतो. माझे वडील तेव्हा शहात्तर वर्षांचे. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायचे. वय झालं म्हणून आम्ही कधी विचारलं नाही, ही पहिली चूक. सर्दी झाली, नाकाने झोप येईना, म्हणून मी माझ्याच दुकानातली गोळी दोन रात्री दिली. गाढ झोपले. मला वाटलं, छान. तिसऱ्या पहाटे आईनं उठवलं. बाबा खाटेच्या कडेला बसलेले, दोन्ही हात ओटीपोटावर, कपाळावर घाम. पोट हाताला नगाऱ्यासारखं लागत होतं. लघवी पूर्ण तुंबलेली. बेळगावला नेलं, नळी घातली, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिलं होतं?" मी म्हटलं, "काही नाही, साधी सर्दीची गोळी." आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं. सीपीएम नाक सुकवतं, तोंड सुकवतं, तसंच मूत्राशयाचा जोर कमी करतं. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्रमार्गाभोवतीची ग्रंथी; ती वाढलेल्या माणसाची लघवीची वाट आधीच अरुंद असते. हे मी परीक्षेत लिहून पास झालो होतो, बरं का. काचबिंदूच्या काही रुग्णांनाही ह्या औषधानं धोका असतो. तेव्हापासून म्हाताऱ्या माणसाला गोळी देण्याआधी मी विचारायचो, "आजोबा, लघवी कशी होते?" लोक चिडायचे. सर्दीला आलोय आणि हा काय विचारतोय!

दुसरी गोष्ट कात्रीची. आपल्याकडे पूर्ण पट्टी कोण घेतंय? दोन गोळ्या, चार गोळ्या. आम्ही कात्रीनं कापून कागदी पाकिटात टाकतो. पट्टीच्या मागे औषधाची नावं बारीक अक्षरात, इंग्रजीत, आणि कापताना नेमकी तीच जातात. मग घरात तीन पाकिटं जमतात. तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी तीन वेळा, सर्दीची ५०० ची तीन वेळा, अंगदुखीची ३२५ ची दोन वेळा. तिन्हींत पॅरासिटामॉल. बेरीज करा, ४,१०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची वरची मर्यादा ४,०००. दारू पिणाऱ्याचं, अशक्त माणसाचं यकृत त्याच्या आतही दुखावू शकतं, आणि सुरुवातीला कळतही नाही. म्हणून दुकानात उभे असतानाच पट्टीच्या मागचा फोटो मोबाइलवर काढून घ्या. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे.

नाक मोकळं करायला गोळीत फेनिलेफ्रिन घालतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी एकमतानं सांगितलं की पोटातून घेतल्यावर नेहमीच्या मात्रेत त्याचा उपयोग होत नाही. त्याच वर्षी आपल्या औषध नियंत्रकांनी सीपीएम-फेनिलेफ्रिनची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं वेष्टनावर छापायला सांगितलं. पोर रात्री रडतं म्हणून मोठ्यांची अर्धी गोळी चुरून देणाऱ्या आया मी पाहिल्यात. तसलं अजिबात नको.

(प्रश्न : मग गरम पाण्यातून थोडी ब्रँडी?)

आलाच प्रश्न. गोवा जवळ आहे ना आपल्याला! (हशा) अहो, नुसत्या ब्रँडीनंही सर्दी जात नाही. वर सीपीएमची गोळी घेतली की दोन्हींची गुंगी एकमेकांवर चढते, आणि घोरणाऱ्याचा, दमेकऱ्याचा श्वास झोपेत मंदावू शकतो. दोन्ही एकत्र कधीच नकोत.

(प्रश्न : तुम्ही स्वतः काय घेता?)

ताप असला तर नुसतं पॅरासिटामॉल. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, उशाला अजून एक उशी. बायको कषाय करते, धने-जिरे-मिरी-सुंठीची पूड, दूध-गुळातून. त्यानं सर्दी जाते असं मी म्हणणार नाही, ती आठवड्याभरात आपली आपण जाते. पण घशाला बरं वाटतं. ताप तीन दिवसांवर गेला किंवा धाप लागली, तर मात्र मी मेडिकलात जात नाही, डॉक्टरकडे जातो. कषाय जरा तिखटच करा, मिरीत कंजूषी नको.