रेटा कमी, वाट मात्र अरुंदच

मंडळी, गिरगावातल्या एका आजींपासून सुरुवात करतो. वय ७६, उंची जेमतेम चार फूट दहा इंच, राहणं चाळीत तिसऱ्या मजल्यावर. मुलगी त्यांना घेऊन आली तेव्हा फायलीत सहा महिन्यांपूर्वीचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होता. महाधमनीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) झडप मध्यम अरुंद, मीन (सरासरी) ग्रेडियंट २८ मिमी पारा, पंपिंग (भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला बाहेर पडणारा वाटा) ६५ टक्के, वर्षाने परत दाखवा. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, रिपोर्ट बरा आहे म्हणतात. मग दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून का उभं राहावं लागतं मला?"

त्याच कागदावर खाली झडपेचं क्षेत्रफळ लिहिलं होतं, ०.७ चौरस सेंटिमीटर. निरोगी झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते आणि १ किंवा त्याहून कमी उघडली की आजार तीव्र धरतात. म्हणजे एकाच कागदावर एक आकडा 'मध्यम' म्हणतो आणि दुसरा 'तीव्र'. लिहिणाऱ्याने त्यातला सौम्य उचलला. ही चूक सुरुवातीच्या काळात माझ्या हातूनही झाली आहे, आणि म्हणूनच आज या विषयावर बोलायचं ठरवलं.

ग्रेडियंट म्हणजे झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक. मी त्याला रेटा म्हणतो. सकाळी नऊ वाजता दादरच्या पुलाच्या जिन्यावर किती रेटा असतो, ते तुम्हाला सांगायला नको. त्याच जिन्यावर रविवारी दुपारी कुणाचा धक्काही लागत नाही. जिना रुंद झालेला नसतो, माणसं कमी आलेली असतात. झडपेचं तसंच आहे. मीन ग्रेडियंट ४० किंवा त्याहून जास्त असला की निदान सोपं. पण रेटा प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. झडप तितकीच अरुंद राहून प्रवाह निम्मा झाला, तर रेटा निम्मा होत नाही, पाव होतो.

प्रवाह कमी का होतो? एक कारण ओळखीचं आहे. हार्ट अटॅकने किंवा दीर्घ आजाराने हृदय थकलेलं असतं आणि पंपिंग ५० टक्क्यांच्या खाली गेलेलं असतं. दुसरं कारण फसवं. कॅनडातल्या क्वेबेकच्या पिबारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ते ठळकपणे मांडलं. वर्षानुवर्षांच्या ब्लडप्रेशरने हृदयाची भिंत जाड होते आणि आतली पोकळी आक्रसते. पंपिंग ६५ टक्के दिसतं, पण ६५ टक्के कशाचे? घागरीचे की वाटीचे? शरीराच्या दर चौरस मीटरमागे एका ठोक्याला ३५ मिलिलिटरपेक्षा कमी रक्त बाहेर पडत असेल, तर प्रवाह कमी समजायचा. आजींचा आकडा होता २९.

मात्र लगेच ऑपरेशनकडे धावायचं नाही, आधी मोजमाप तपासायचं. झडपेखालच्या वाटेचा व्यास मोजून त्याचा वर्ग करतात, त्यामुळे मिलिमीटरची चूकही महागात पडते. व्यास १.८ ऐवजी २ सेंटिमीटर धरला की ०.८९ चं क्षेत्रफळ १.१ होतं, म्हणजे रोगी रेषेच्या अलीकडून पलीकडे. डॉपलर, म्हणजे इकोमधलं रक्ताचा वेग मोजणारं तंत्र, छातीच्या उजव्या बाजूनेही लावून बघायला हवं, कधीकधी सर्वांत जोराची धार तिथेच सापडते. आणि ब्लडप्रेशर! माझ्याकडे आजींचं वरचं प्रेशर १७८ होतं. इतक्या प्रेशरला घेतलेला इको दिशाभूल करतो. ते आटोक्यात आणून पुन्हा मोजलं, तेव्हा ग्रेडियंट ३३ भरला, क्षेत्रफळ ०.७ च राहिलं. इथे बसलेल्या फॅमिली डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे, इकोच्या वेळचं प्रेशर रिपोर्टवर लिहून मागा.

एवढं करूनही कोडं राहिलंच, तर वाटा दोन. हृदय थकलेलं असेल तर डोब्युटामिनचा, म्हणजे हृदयाला जोर देणाऱ्या औषधाचा, हलका डोस देऊन इको करतात. प्रवाह वाढल्यावर रेटा ४० च्या वर गेला आणि झडप १ च्या आतच राहिली, तर दोष खरोखर झडपेचा. झडप जास्त उघडली, तर मूळ दुखणं स्नायूचं. तिथे औषधं नीट द्यायची आणि लक्ष ठेवायचं. आजींसारख्यांना मात्र साधा सीटी स्कॅन, इंजेक्शनशिवाय. झडपेवरच्या कॅल्शियमचा स्कोअर स्त्रियांत १,२०० आणि पुरुषांत २,००० च्या वर गेला, तर आजार बहुधा तीव्रच. स्त्रियांची रेषा खाली आहे, हे विसरलं की बायका मागे राहतात. संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपेला मात्र हा हिशेब लागू पडत नाही, आणि आपल्याकडे तशा झडपा अजून दिसतात.

आजींचं कॅल्शियम १,७०० निघालं. झडप उघडणारी गोळी नाही, ती बदलावीच लागते. या वयात बहुतेकदा मांडीच्या रक्तवाहिनीतून, छाती न उघडता. फ्रान्समध्ये रूआँ इथे अलँ क्रिबिए यांनी २००२ साली कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने, पहिल्यांदा अशी झडप बसवली. हृदय, इको आणि सर्जरी या तिन्हींच्या डॉक्टरांनी एकत्र बसून आजींसाठीही तेच ठरवलं.

तीन महिन्यांनी त्या आल्या. कठड्याशी अजून थांबतात. म्हणाल्या, "आता दम नाही लागत हो, गुडघा धरतो."