टोपीखालचा राखणदार

नाताळ जवळ आला की स्वीडनमधल्या घरांच्या खिडक्यांत आणि फडताळांवर एक बुटके बाहुले हजेरी लावते. शंकूसारखी उंच टोपी, टोपीच्या कडेखालून डोकावणारे गोल नाक आणि पायांपर्यंत उतरलेली दाढी, एवढ्यावरच त्याचे सारे रूप उभे राहते. स्वीडनमध्ये त्याला तोम्ते म्हणतात, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये निस्से, तर फिनलंडमध्ये तोन्तू. आज तो घराची शोभा वाढवत असला, तरी मुळात तो शेतघराचा राखणदार आहे.

लोकसमजुतीनुसार लहान मुलाएवढ्या उंचीचा हा म्हातारा गोठ्यात किंवा तबेल्यात वस्ती करून असे, रात्री घर निजले की जनावरांची निगा राखत असे आणि घरातल्या माणसांनी जनावरांची हेळसांड केली, तर त्यांना शिक्षाही करत असे. नाताळच्या आदल्या रात्री त्याच्यासाठी लापशीचा वाडगा ठेवला जाई आणि त्यावर लोण्याचा गोळा असावाच लागे. एका जुन्या कथेत लोणी दिसले नाही म्हणून चिडलेला निस्से घरची गाय मारतो. लापशी खाता खाता लोणी वाडग्याच्या तळाशी सापडते, तेव्हा पस्तावून तो शेजारच्या गोठ्यातली हुबेहूब तशीच गाय आणून तिच्या जागी उभी करतो.

या राखणदाराला आजचा चेहरामोहरा मिळाला तो प्रामुख्याने चित्रकारांमुळे. 1881 मध्ये व्हिक्टर रीडबर्ग यांची ‘तोम्तेन’ ही कविता प्रसिद्ध झाली आणि तिच्यासाठी येनी न्यूस्ट्रम या चित्रकर्तीने आपल्या वडिलांना समोर ठेवून तोम्ते रेखाटला. पुढे तिच्या नाताळच्या भेटकार्डांतून लाल टोपीचा, पांढऱ्या दाढीचा तोम्ते घरोघरी पोहोचला. नॉर्वेत तर या लाल टोपीला राजकीय अर्थही आला. जर्मन ताब्याच्या काळात ती मूक प्रतिकाराची खूण ठरली आणि 1942 मध्ये ती घालण्यावर बंदी आली.

आता कारागिराच्या हातांकडे पाहू. मोज्याच्या किंवा सुती कापडाच्या पिशवीत आधी तांदूळ अथवा वाळू भरतात, म्हणजे बैठक जड होते आणि बाहुले कलंडत नाही. त्यावर कापूस किंवा लोकर दाबून भरली की धड तयार होते. दाढीचे काम सर्वांत नाजूक आहे. केसाळ कापड कात्रीने सरळ कापले, तर केसांची टोके बोथट होतात आणि दाढी ब्रशासारखी दिसते, म्हणून कापड उलटे ठेवून धारदार पात्याने केवळ मागचा पदर चिरावा लागतो. ज्यांना अस्सल लोकर हवी असते, ते गॉटलंड जातीच्या मेंढ्यांच्या करड्या, कुरळ्या बटा वापरतात, आणि त्या बटांची सर कोणत्याही कृत्रिम केसांना येत नाही. दाढीच्या वरच्या कडेवर लाकडी मणी चिकटवला की नाक झाले. टोपी फेल्टची किंवा जुन्या लोकरी स्वेटरची असते आणि तिच्या शिवणीत तार घातली, तर शेंडा हवा तसा वाकवता येतो.

टोपी शेवटी बसवतात आणि सगळे कौशल्य तिथे पणाला लागते. तिची कड नेमकी नाकावर टेकली पाहिजे. ती बोटभर वर राहिली, तरी कपाळाच्या जागी नुसते कापड दिसू लागते. काही जण वर डोळेही चिकटवतात, पण ते टाळावेत असे मनापासून वाटते, कारण जो क्वचितच कुणाच्या दृष्टीस पडतो अशी समजूत आहे, त्याचा चेहरा झाकलेलाच शोभतो.

स्वीडनमध्ये 13 जानेवारीला, म्हणजे संत क्नूट यांच्या दिवशी, नाताळची सजावट उतरवण्याची रीत आहे. लोकरीचे तोम्तेही त्या सुमारास झटकून, उन्हात किंवा थंड हवेत ठेवून मगच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, नाहीतर लोकरीला कसर लागते आणि सर्वांत आधी दाढीच खाल्ली जाते.