पान ४७वरची चिठ्ठी

नमस्कार. बाहेरच्या फलकावर विषय लिहिला आहे, 'संशोधनपत्रिकांमधील गैरप्रकार, दुरुस्त्या आणि मागे घेतलेले पेपर'. तुमच्यापैकी बहुतेकांनी पेपर लिहिले आहेत, कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेच्या, फायलीत लावलेही आहेत. त्यामुळे पीअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी तज्ज्ञांनी पेपर तपासणं, यात वेळ घालवत नाही. छापलेलं चुकीचं निघालं तर पत्रिकेने काय करावं, त्याची रीत मला सांगायची आहे. पण आधी माझ्या वडिलांची पेन्सिल.

आम्ही इथे नागपुरातच, महाल भागात राहायचो. वडील शाळेत मास्तर. नवं पुस्तक घरात आलं की ते आधी शेवटचं पान उघडत. तिथे शुद्धिपत्र असे. पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. पेन्सिलीला टोक काढून ते एकेक दुरुस्ती जागच्या जागी करत, आणि सगळ्या झाल्या की मग पहिल्या पानापासून वाचायला घेत. मी एकदा विचारलं, आधी वाचून का नाही घेत? तर म्हणाले, "कुठे चुकलं ते त्यांनीच सांगून ठेवलंय, मग चुकीचं कशाला वाचायचं?" शुद्धिपत्र आहे म्हणून लेखक त्यांच्या नजरेतून कधी उतरला नाही. उलट जाडजूड ग्रंथाला शुद्धिपत्र नसलं तर ते पानं पुन्हा पुन्हा चाळून बघायचे.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशींसारखे विद्वान याच शहरात बसून वाकाटकांचे ताम्रपट वाचत होते. शिलालेख-ताम्रपट छापणाऱ्या 'एपिग्राफिया इंडिका'चे त्या काळचे खंड उघडून बघा, भर आणि दुरुस्त्यांची वेगळी पानं सापडतील. शिवजन्माचंच घ्या. किती वर्षं शके १५४९, म्हणजे १६२७ साल धरलं जात होतं. मग जेधे घराण्याकडची जुन्या घटनांची तिथीवार नोंद, जेधे शकावली, हाती आली, लोकमान्यांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली, आणि तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ निघाली. त्यावर वाद झाले, अजूनही होतात, पण आज आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो ते त्या नोंदीमुळे. महाराजांच्या जन्मतिथीची दुरुस्ती ज्या समाजाला पेलली, त्याला एका पेपरातल्या तक्त्याची का पेलू नये?

आता तो तक्ता. हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण माझं सगळं म्हणणं त्यातूनच आलं आहे.

मी एका लहान शेतीविषयक पत्रिकेची संपादक होते. वर्षाला दोन अंक, छापील प्रती तीनशे. एका अंकात संत्र्यावरचा पेपर छापला. बागेला किती दिवस ताण दिला, म्हणजे पाणी तोडलं, तर झाडाला किती फळं धरतात, असा विषय. दोन तज्ज्ञांनी तपासला होता. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल आठ टक्के. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, म्हणजे आमचं काम चोख. पान ४७वर मोठा तक्ता होता, मृग बहाराचा, म्हणजे पावसाळी फुलोऱ्याच्या हंगामाचा.

दीड वर्षाने काटोलकडची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिच्या हातात दोन झेरॉक्स. एक आमच्या पान ४७ची, दुसरी त्याच लेखकाच्या, दुसऱ्या पत्रिकेतल्या, आंबिया बहारावरच्या पेपरची. तिने काही न बोलता दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. छत्तीस आकडे, दशांश चिन्हानंतरच्या दोन घरांसकट, तंतोतंत एकावर एक बसले.

संत्र्याच्या गावातल्या माणसांना पुढचं सांगायला नको. आंबियाचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाचा पावसाच्या सुरुवातीला. जमिनीतला ओलावा वेगळा, ऊन वेगळं, हवा वेगळी. दोन्ही बहारांची सरासरी दुसऱ्या दशांशापर्यंत सारखी येईल, असं काटोलातला कुठलाही बागाईतदार मान्य करणार नाही. सॉफ्टवेअरला हे दिसलं नव्हतं, कारण ते वाक्यं जुळवतं. या मुलीला दिसलं, कारण तिने त्या तक्त्यातल्या दिवसांप्रमाणे वडिलांच्या चाळीस झाडांना ताण दिला होता. तिच्या प्रबंधाचं अर्धं प्रकरण त्यावर उभं होतं. झाडांनी पानं टाकली आणि तो बहार गेला. ती महिनाभर आपलंच मोजमाप चुकलं असं समजत होती.

मी लेखकाला लिहिलं, मूळ नोंदवह्या पाठवा. तीन स्मरणपत्रं गेली. मग त्यांच्या संस्थेतून फोन आला. लेखकाचा नव्हे, वरिष्ठांचा. सूर फार गोड. "मॅडम, त्यांचं प्रमोशन तोंडावर आहे, सहा महिने थांबा." मी थांबले नाही, पण पुढेही जाता येईना. चौकशी करायची ती संस्थेने. पत्रिकेकडे ना त्यांची नोंदवही, ना बागेत शिरण्याचा अधिकार. अकरा महिन्यांनी संस्थेचं पत्र आलं, त्यात 'अनवधान' हा एकच शब्द होता. आमच्या मंडळाने दोन ओळी छापल्या, 'सदर लेख लेखकाच्या विनंतीवरून मागे घेण्यात येत आहे.' मी विरोध नोंदवला, मतं माझ्या बाजूने पडली नाहीत, आणि खाली माझ्या सहीने तो मजकूर गेला. या दोन ओळी मला आजही टोचतात. का मागे घेतला? तक्ता चुकून दुसऱ्या फाइलमधून आला की मोजमाप झालंच नव्हतं? मृगाचे आकडे खोटे की आंबियाचे? दुसऱ्या पत्रिकेतला पेपर वाचणाऱ्याने काय समजायचं? ज्या मुलीने हे शोधलं तिचा उल्लेखही नाही.

छापील प्रती गेल्या होत्या त्यांचं काय? एका ग्रंथपाल मैत्रिणीबरोबर मी शहरातल्या अकरा ग्रंथालयांत फिरले. प्रत्येक अंक काढून पान ४७वर चिठ्ठी डकवली. एका ठिकाणचे शिपाईदादा डिंकाची बाटली बघून म्हणाले, "मॅडम, काय चिपकवून राहिल्या?" मी सगळं सांगितलं. त्यांचीही कळमेश्वरकडे संत्र्याची झाडं होती. त्यांनी तो तक्ता नीट वाचला, बाटली माझ्या हातातून घेतली आणि उरलेल्या प्रतींना स्वतः चिठ्ठ्या लावल्या. पीडीएफला मात्र चिठ्ठी लावता आली नाही. ती व्हॉट्सॲपवर कुठे कुठे पोचली, कुणास ठाऊक.

मोठ्या पत्रिकांचंही वेगळं नाही. 'लॅन्सेट'ने १९९८ साली बारा मुलांवरचा तो पेपर छापला, ज्यातून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध ऑटिझमशी जोडला गेला. पूर्णपणे मागे घेतला २०१०मध्ये. बारा वर्षं. तीच पत्रिका हवं तेव्हा किती वेगाने हलते बघा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा पेपर २२ मे २०२०ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, कारण मूळ विदा, म्हणजे ज्या नोंदींवर पेपर उभा होता त्या, तपासायला मिळेना. आपल्याकडे हिमालयातल्या जीवाश्मांचं प्रकरण आहे. जॉन टॅलेंट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं छापलेले नमुने तिथले असणं शक्य नाही. तोवर त्या नमुन्यांवर इतर लोकांनी केलेली मांडणीही नासली होती.

आणि आता तर पेपर विकत मिळतात. पेपर मिल, म्हणजे खोटे पेपर बनवून विकणारा धंदा, हा शब्द तुम्ही ऐकला असेल. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांवर पेपर मागे घेतले गेले, त्यांतले आठ हजारांहून जास्त हिंदावी या एकट्या प्रकाशनसंस्थेचे.

यावर उपाय म्हणून २०२५पासून एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीत मागे घेतलेल्या पेपरांसाठी उणे गुण आले. हेतू मला मान्य आहे. पण माझ्या डोळ्यांपुढे तो गोड फोन येतो. आकडा मोजताना कारण बघितलं नाही, तर संस्था पेपर मागे घेऊच देणार नाही. रसायनशास्त्राचं २०१८चं नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस आर्नल्ड यांनी २०२० साली आपला आदल्याच वर्षीचा पेपर मागे घेतला. प्रयोग पुन्हा जमत नव्हता, नोंदवहीत नोंदी नव्हत्या. त्यांनी ते स्वतः जाहीर केलं आणि आपलं लक्ष कमी पडलं म्हणून माफी मागितली. अशा माणसाला आणि पेपर विकत घेणाऱ्याला एकाच रकान्यात उणे गुण? स्वतःहून केलेली दुरुस्ती सेवापुस्तकात चांगली नोंद म्हणून लागली पाहिजे. हे मी कुलगुरूंच्या बैठकीतही बोलले आहे आणि बोलत राहीन.

संयोजकांनी चिठ्ठी दिली आहे, सात मिनिटं. तर जी रीत सांगायला आले, ती भराभर सांगते. लिहून घ्या.

तक्रार आली की आठवड्यात पोच द्या, निनावी असली तरी. पुरावा बघा, तक्रारदाराचं नाव बघू नका. 'कोप' ही संपादकांची संस्था १९९७पासून आहे, तिचे तक्ते फुकट मिळतात, त्यात कुठल्या टप्प्यावर काय करायचं ते आखून दिलं आहे. लेखकाकडे मूळ विदा मागा, मुदत घाला. उत्तर नाही आलं तर संस्थेला लिहा, आणि चौकशी लांबते असं दिसलं की थांबू नका, 'एक्स्प्रेशन ऑफ कन्सर्न' छापा. म्हणजे या पेपराबद्दल शंका आहे, निर्णय व्हायचा आहे, एवढं वाचकाला सांगा. आम्ही तेव्हा हे केलं असतं तर अकरा महिने तो तक्ता कोरा करकरीत फिरला नसता.

चूक लहान, निष्कर्ष शाबूत, तर शुद्धिपत्र. निष्कर्षावर विसंबता येत नसेल तर पेपर मागे घ्यायचा, मग चूक प्रामाणिक असो वा नसो. मागे घेणं हे वाचकासाठी आहे, शिक्षा करणं संस्थेचं काम. सूचनेत कोण मागे घेतंय ते हवं, कारण हवं, कुठला भाग खोटा ठरला ते हवं. ती सगळ्यांना फुकट वाचता आली पाहिजे आणि मूळ पेपराला जोडलेली हवी. मूळ पेपर काढून टाकू नका, प्रत्येक पानावर शिक्का मारून तिथेच ठेवा. आणि विद्यार्थ्यांनो, संदर्भयादी पक्की करण्याआधी रिट्रॅक्शन वॉचची, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणाऱ्यांची, विदा बघा. २०२३पासून ती क्रॉसरेफ या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे आहे, सगळ्यांसाठी खुली आहे.

सूचनेचा कोरा नमुना मराठीत करून आणला आहे, प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. विदर्भातल्या ज्या पत्रिकांचे संपादक इथे आहेत त्यांनी एकेक घेऊन जा. सगळ्यांत वरची प्रत भरलेली आहे. पान ४७ची सूचना तेव्हा जशी छापायला हवी होती तशी मी ती लिहिली आहे, छत्तीस आकड्यांसह, आणि चूक कुणी शोधली त्या ओळीत त्या मुलीचं नाव आहे. तिला विचारून घातलं आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे.