राधिकाच्या बाजूनं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलू या मालिकांमधल्या माणसांबद्दल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मालिकेतल्या माणसाबद्दल मत द्यावं, अगदी हक्कानं द्यावं. कारण मत राधिकाबद्दल असतं, पण त्यातून कळतो तो मत देणारा. पुन्हा सांगते, कळतो तो मत देणारा.

'माझ्या नवऱ्याची बायको' आठवतेय ना? २०१६ ते २०२१, झी मराठीवर रात्री आठला. गुरुनाथ, त्याची प्रेयसी शनाया आणि त्याची बायको, नागपूरची राधिका. शनाया मध्ये बदलली. रसिका सुनील गेली, ईशा केसकर आली, पुन्हा रसिका आली. राधिका मात्र अनिता दातेच. आणि तिची ती विदर्भातली बोली! आपल्याकडे गावाकडची बोली हसवण्यापुरती वापरतात, ते मला मुळीच आवडत नाही. राधिका त्याच बोलीत रडली, भांडली, त्याच बोलीत तिनं मसाल्यांची कंपनी उभी केली. असंच हवं.

तर, त्याच दिवसांतली गोष्ट. माझ्या भाचीच्या लग्नाची बैठक होती. मुलाकडची मंडळी घरी आलेली. देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता, पण कार्यालय त्यांच्या गावात की आमच्या, यावर बोलणी अडली. कोणी मागं सरेना. चहा दुसऱ्यांदा झाला. तेवढ्यात आठ वाजले, आणि ताईच्या सासूबाई कोणाला काही न विचारता उठल्या आणि त्यांनी टीव्ही लावला. आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बघतो तर काय, पाहुण्यांकडच्या बायकांनी खुर्च्या वळवलेल्या!

गुरुनाथ गयावया करत होता. जाहिराती लागल्या आणि वाद पेटला. मुलाचे मामा म्हणाले, "पुरुष चुकतो हो. बाईनं सांभाळून घ्यावं." ताईच्या सासूबाई कडाडल्या, "पाच वर्षं सांभाळा मग तुम्ही!" दोन्हीकडची मंडळी कार्यालय विसरली. आता इकडचे-तिकडचे असं राहिलंच नाही. राधिकावाले एकीकडे, मामा एकीकडे.

माझी भाची तोवर गप्प बसली होती. तिनं एकदम होणाऱ्या सासूबाईंनाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काकू?"

खोलीत सगळे गप्प. काकूंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "राधिकानं त्याला दूर केलं ते बरोबरच. पण मला विचारशील तर मसाल्यांचा धंदा तिनं आधीच काढायला हवा होता. हाताला एवढी चव, आणि नवरा दुसरीकडे गेल्यावर सुचावं? तिच्या सासूनं सुचवायचं होतं."

तिच्या सासूनं सुचवायचं होतं! श्रोतेहो, इतकी वर्षं मालिका बघते, पण असं मत मी कुठं ऐकलं नव्हतं. भाचीनं आईकडे बघून हळूच मान हलवली. कार्यालय त्यांच्याच गावातलं ठरलं, आमच्याकडून कोणी हूं की चूं केलं नाही. भाची फिजिओथेरपिस्ट आहे. पुढे तिनं नोकरी सोडून स्वतःचं क्लिनिक काढायचं म्हटलं, तेव्हा जागा बघायला काकूच तिच्याबरोबर हिंडल्या.

वेळ थोडा उरलाय, म्हणून अरुंधतीबद्दल पटकन. 'आई कुठे काय करते' ही स्टार प्रवाहवरची मालिका २०१९च्या डिसेंबरात सुरू झाली आणि २०२४च्या नोव्हेंबरात संपली. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती मला फार जवळची. तिनं नवऱ्याला, अनिरुद्धला सोडलं, गाणं धरलं, आशुतोषशी लग्न केलं. इथवर सगळं पटलं. मग मालिकेत आशुतोषचा मृत्यू दाखवला, ते मला आजही पटत नाही. मोठी मुलं असलेली बाई दुसरं लग्न करते आणि सुखात राहते, एवढं तरी टिकू द्यायचं. तसं केलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती, असं कोणी म्हणेल. मग संपू द्यायची होती. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' २०१२मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी संपली, आणि घना-राधाची आठवण लोक आजही काढतात.

तुमचं मत वेगळं असेल तर आज जेवताना घरात बोला. नमस्कार.