शेजारच्या सीटवर

[दृश्य: अर्धी रिकामी बस. एकेक प्रवासी चढतोय.]

बसमध्ये कोण कोणाशी बोलणार, हे स्वभावाआधी गाडीची बैठक ठरवते.

चढणारा माणूस आधी पूर्ण रिकामी जोडसीट शोधतो. तशा सगळ्या सीटवर एकेक जण बसला, की मगच कोणाच्या तरी शेजारी बसतो. माणशी सीटची रुंदी असते साधारण ४५ सेंटीमीटर, त्यामुळे खांद्याला खांदा लागतोच. मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत मांडलेल्या मापांनुसार एवढ्या जवळ फक्त अगदी जिव्हाळ्याची माणसं येतात. म्हणून दोघंही कोपर आवरून समोर बघत राहतात. त्याला तुसडेपणा समजू नये. अंगाला जागा उरली नाही, की माणूस नजरेनं अंतर राखतो.

[दृश्य: समोरासमोर बाकं असलेली छोटी गाडी.]

इथे गुडघ्याला गुडघे भिडतात, एकाचा प्रश्न चौघांना ऐकू जातो आणि गप्पा लवकर रंगतात. ओळीच्या सीटवर बोलणं दोन ओळींपलीकडे सहसा पोचत नाही. साधं बोलणं एक मीटरवर सुमारे ६० डेसिबल भरतं. इंजिन मागे असलेल्या बसच्या शेवटच्या ओळीत ते घरघरीत बुडतं. शिवाय मागच्या चाकांपलीकडे धक्केही जास्त बसतात. कमी ऐकू येणाऱ्या वयस्कर माणसाला पुढच्या भागातच बसवावं.

शेजारच्या दोघांच्या गप्पांपेक्षा एकाचं फोनवरचं बोलणं जास्त त्रास देतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली त्याचं कारण दाखवलं: एकच बाजू ऐकू आली, की पुढचं वाक्य कधी आणि काय येईल याचा अंदाज बांधता येत नाही आणि लक्ष तिकडेच ओढलं जातं.

[दृश्य: दोन अनोळखी प्रवासी, बोलू लागलेले.]

शिकागोत निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी रोज बसनं, रेल्वेनं जाणाऱ्यांवर प्रयोग केले. ते २०१४ साली प्रसिद्ध झाले. गप्प बसणंच बरं, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात अनोळखी शेजाऱ्याशी बोललेल्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला. आपल्याशी बोलायची समोरच्याला इच्छा नसेल, ही समजूतच बहुतेकांना अडवते.

सुरुवात प्रवासातल्याच गोष्टीनं करावी: ‘खिडकी थोडी लावू का?’ उलट प्रश्न आला तर बोलणं पुढे न्यावं. एका शब्दात उत्तर देऊन नजर बाहेर वळली, तर तिथेच थांबावं. घर कुठे, नोकरी कुठे, हे इतक्यात विचारू नये. आजूबाजूचे ऐकत असतात. आणि खिडकीकडच्याला उठून जायला वाटही नसते. ती वाट अडवून आपण बसलेलो असतो, एवढं भान कडेला बसणाऱ्यानं ठेवायलाच हवं. आतला उतरणार असेल तर नुसते गुडघे वळवून भागत नाही: तो ओलांडत असताना ब्रेक लागला, तर तोल जाऊन अंगावर पडतो. दांडा धरून उभं राहावं आणि त्याला पुढे जाऊ द्यावं.