बर्फ झेलणारं कुंपण

डोंगरमाथ्यावर लाकडी पट्ट्यांचं हे कुंपण. वाटतं, आत गुरं असतील. आत आहे एक भांडं, पडणारा बर्फ मोजणारं.

बाहेरचं कुंपण अष्टकोनी, १२ मीटर व्यासाचं. त्याच्या आत ४ मीटरचं दुसरं, आणि मधोमध हा मापक. एवढा बंदोबस्त कशाला? वाऱ्यासाठी. पावसाचा थेंब जड, वाऱ्याला फारसा जुमानत नाही. हिमकण मात्र सेकंदाला जेमतेम एक मीटर खाली उतरतो. भांड्याच्या काठाशी वारा उसळतो आणि त्याला वरच्यावर पळवतो. उघड्यावरच्या मापकात, वारा जोराचा असेल तर, निम्माही बर्फ पडत नाही. आकडा मात्र येतो. आणि तो खराच वाटतो!

डोंगरात हे फार नडतं. दमट हवा उताराला अडून वर चढते, थंडावते, ढग धरतात. जिथे बर्फ भरपूर, तिथेच वाराही मोकाट. ‘उपग्रह आहेत की,’ असं हमखास कुणीतरी म्हणतं. पण उपग्रहावरच्या रडारला जमिनीलगतचा साधारण एक किलोमीटर धड दिसत नाही, जमिनीचाच प्रतिध्वनी आड येतो. दूरच्या रडारच्या आड डोंगर.

म्हणून रडारची ही लहानशी तबकडी, तोंड थेट आभाळाकडे. पडद्यावरचा तो ठळक आडवा पट्टा पाहिलात? तिथे बर्फ वितळतोय. वर कण सावकाश, खाली थेंब सुसाट.

आणि हा कण, पडता पडता तीन कॅमेऱ्यांनी एकाच क्षणी टिपलेला. सहा फाटे, नेच्याच्या पानासारखे. असा कण उणे १५ अंशांच्या आसपास वाढतो. जपानच्या उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमस्फटिक वाढवला. तापमान आणि बाष्प बदललं की आकार बदलतो, हे त्यांनी दाखवून दिलं. आता हा दुसरा: फाटे गायब, नुसता पांढरा गोळा. गोठणबिंदूखालीही द्रवच राहिलेले थेंब त्याला चिकटत गेले. १० सेंटिमीटर ताज्या बर्फाचं १ सेंटिमीटर पाणी, हा ठोकताळा अशा घट्ट, जड कणांपुढे टिकत नाही.

नदीचं उन्हाळ्यातलं पाणी, पूर, हिमप्रपात, सगळ्यांचे अंदाज याच आकड्यांवर.

मापकाच्या तोंडावर बर्फाची टोपी बसलीय. वेळेत कुणी वर चढून झाडली नाही, तर ती कधीतरी आत कोसळेल, आणि रात्रीचा बर्फ दुपारच्या खात्यात जमा होईल.