स्लिप रिंगला जरा मोकळं राहू द्या

(नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या मेंटेनन्सच्या पोरांसमोर केलेलं बोलणं, वाचायला सोपं जावं म्हणून थोडं नीट केलेलं.)

माझ्या हातात ही जी आहे ना, ती एका फ्लो रॅप मशीनवरची, म्हणजे पाकिटं पॅक करणाऱ्या मशीनवरची, स्लिप रिंग आहे, फिरत्या भागाला वीज पोचवणारी. मागच्या बाकापर्यंत फिरवा, एकेकाने हातात घ्या, बाहेरची बॉडी धरा आणि आतली बाही हळूच फिरवून पाहा. बोटाला काय लागते? खरखर लागते, एका जागी अडकते, मग सुटते. आतलं बेअरिंग गेलं आहे. ही बुटीबोरीकडच्या एका कारखान्यातली, संत्रा बर्फी पॅक होते तिथली, आणि मला बोलावलं तेव्हा चार महिन्यांत त्यांची ही तिसरी होती. त्यांचं म्हणणं, सप्लायर माल खराब देऊन राहिला.

माल चांगला होता. मी कव्हर उघडलं तर आतली बाही ग्रब स्क्रूने, म्हणजे बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने, शाफ्टवर घट्ट, आणि बाहेरची बॉडी एल अँगल लावून चार बोल्टने मशीनच्या फ्रेमला जखडलेली. म्हणजे दोन्हीकडून पक्की. ज्याने बसवली त्याने मनापासून मजबूत काम केलं होतं, हलू नये, पडू नये, हाच विचार. आणि त्या मजबुतीनेच ती मेली. आज मला तुम्हाला मुख्य हेच सांगायचं आहे, बाकी सगळं याच्याच आजूबाजूचं आहे.

स्लिप रिंग काय असते हे तुम्हाला माहीतच आहे, फिरत्या भागाला वीज द्यायची, वायर गुंडाळली जाऊ नये, म्हणून फिरती रिंग आणि तिच्यावर टेकलेला ब्रश, म्हणजे वीज देणारा-घेणारा तुकडा. उमरेड रोडकडच्या गिट्टी क्रशरवर स्लिप रिंग मोटर पाहिली असेल, सुरू होताना रोटरमध्ये, म्हणजे फिरत्या भागात, बाहेरून रेझिस्टन्स घालतो त्यामुळे टॉर्क जास्त आणि करंट कमी. थर्मल प्लांटमध्ये ज्या जनरेटरला स्टॅटिक एक्सायटेशन आहे, म्हणजे रोटरचा डीसी बाहेरून येते, त्यात रोटरला डीसी रिंगवरूनच जातो, तेही ३००० आरपीएमवर. जत्रेतल्या आकाशपाळण्याचे दिवेसुद्धा बहुतेक ठिकाणी याच तत्त्वावर लागतात. आणि आपल्या पॅकिंग मशीनमध्ये जो सीलिंगचा जॉ, म्हणजे पाकीट चिकटवणारा गरम जबडा, फिरतो त्याच्या पोटात हीटर आणि तापमान मोजणारं थर्मोकपल असते, त्यांची वायर हिच्यातून येते.

आता नीट पाहा. ही जी छोटी, मधून आरपार भोक असलेली रिंग असते, तिला स्वतःचं बेअरिंग असते, पातळ, नाजूक. मशीनच्या शाफ्टला त्याचं वेगळं बेअरिंग असते. दोघांचे सेंटर तंतोतंत एका रेषेत येत नाहीत, कितीही चांगला फिटर असू द्या. शाफ्ट थोडा तरी थरथरते, दोन दशांश मिमी म्हणा. बॉडी मोकळी असली तर ती शाफ्टसोबत तेवढीच डुलते आणि काहीच बिघडत नाही. बॉडी जखडली की ते दोन दशांश कुठे जाणार? दर फेऱ्याला त्या पातळ बेअरिंगवर जाणार. जॉ मिनिटाला १०० फेरे मारतो असं धरा, दोन शिफ्ट म्हणजे १६ तास, झाले ९६,००० फेरे एका दिवसात. एवढे धक्के कोणतं बेअरिंग सोसेल सांगा.

म्हणून एक बाजू शाफ्टवर पक्की, आणि दुसरी बाजू फक्त फिरू द्यायची नाही, बस. बॉडीला एक पट्टी निघालेली असते, तिच्या खाचेत फ्रेमवरची एक पिन जाते, आणि पिनभोवती मिलीमीटरभर जागा राहू द्यायची. दाव्याने बांधलेली गाय बसते, उठते, मान हलवते पण जागा सोडत नाही, बॉडीला तेवढंच बांधायचं. बोटाने बॉडी हलवून पाहा, थोडी डुलली पाहिजे. नवीन पोरगा हे पाहून म्हणतो, सर ढिली राहिली, आणि बोल्ट आणायला धावतो, त्याला तिथेच थांबवा.

आता शाफ्टकडची बाजू, इथे खूप चुका होऊन राहिल्या. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच रिंगांचं भोक इंचाच्या हिशोबाचं असते, १२.७, २५.४, ३८.१ मिमी. आपला शाफ्ट २५ मिमीचा. माणूस म्हणतो बसली ना, काय फरक पडते. फरक असा पडतो की चार दशांशची मोकळीक आहे, तुम्ही एका बाजूचा ग्रब स्क्रू आधी कचकचून आवळला की रिंग पूर्ण एका अंगाला सरकते, सेंटर दोन दशांश हुकते आणि डायल गेज, म्हणजे भाग किती डुलते ते काट्यावर दाखवणारं माप, लावलं तर काटा चार दशांश फिरते. त्यापेक्षा लेथवर एक पातळ बुश, म्हणजे मधली फट भरणारी नळी, करून घ्या, किंवा रिंग मागवतानाच शाफ्टचं माप द्या. आणि ग्रब स्क्रू एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत. आधी सगळे नुसते टेकवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे, मग डायल गेज, मग शेवटचा आवळ, आणि लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू सुटू न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब, जास्त नाही, नाहीतर ते वाहून बेअरिंगमध्ये जाते. रिंग चढवायच्या आधी शाफ्टवर बोट फिरवा. जुन्या ग्रब स्क्रूने पाडलेला खड्डा आणि त्याची उठलेली कड लागेल, ती बारीक कानसने काढल्याशिवाय नवी चढवायची नाही. हातोडी तर अजिबात नको, बाहेरच्या बॉडीवर मारलेला एक ठोका आतल्या बेअरिंगच्या गोळ्यांवर जाऊन बसते.

वायर हा दुसरा मोठा विषय. रिंगमधून निघणारी वायर बारीक असते, तिच्यावर मोठ्या केबलचं वजन लटकवू नका. फिरत्या बाजूची वायर शाफ्टला किंवा जॉला क्लिपने बांधा, पण रिंग आणि क्लिपच्या मधे एक छोटा झोळ सोडा. ताणून बांधली तर थरथरीने नेमकी रिंगच्या तोंडाशी तुटते, वरचं इन्सुलेशन शाबूत आणि आतलं तांबं तुटलेलं, मग मल्टिमीटर कधी कंटिन्युइटी दाखवते कधी नाही आणि दोष रिंगवर जातो. बॉडीच्या वायरलाही तसाच झोळ द्या, कारण बॉडी डुलते हे आत्ताच सांगितलं. आणि हीटरची वायर आणि थर्मोकपलची वायर एकत्र पिळू नका. थर्मोकपलच्या दोन वायरी रिंगच्या वायरींना जिथे जोडता ते दोन्ही जोड एकाच तापमानाला पाहिजेत, एक जोड गरम जॉच्या जवळ आणि दुसरा लांब असला तर कंट्रोलरवर चुकीचं टेंपरेचर दिसते, सील कच्चं राहते, आणि लोक पीआयडी, म्हणजे कंट्रोलरची सेटिंग, ट्यून करत बसतात.

अर्थिंग विसरू नका. फिरत्या टेबलावर वेल्डिंग करायचं असेल तर वेल्डिंगचा परतीचा करंट वाट शोधते, आणि त्याला सगळ्यात जवळची वाट बेअरिंगमधून मिळते. रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या धावतात त्या कड्यांवर, बारीक बारीक खड्डे पडतात. त्या करंटला वेगळा ग्राउंड ब्रश द्या, आणि तो वेल्डिंगचा पूर्ण करंट झेपेल एवढा जाड पाहिजे. टेबलावर पाणी नेणारा रोटरी जॉइंट असेल तर तो रिंगच्या खाली बसवा, सील आज नाही तर उद्या गळणारच, ते पाणी रिंगवर यायला नको.

आता मोठ्या मोटरच्या उघड्या रिंगा, जिथे ब्रश आपल्याला दिसतात. ब्रश धरणारा होल्डर रिंगपासून दोन ते तीन मिमीवर ठेवा, त्यापेक्षा लांब ठेवला तर ब्रश आत तिरका होऊन फडफडते. नवा ब्रश रिंगच्या गोलाईवर बसवायला काचेचा पेपर, दाणेदार बाजू ब्रशकडे, आणि फिरायच्या दिशेने ओढायचा. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कडक कण ब्रशमध्ये रुततात आणि रिंगला ओरखडे पाडत राहतात. एका रिंगवर दोन ग्रेडचे ब्रश चालवायचे नाहीत, करंट सारखा वाटला जात नाही. रिंगवर चॉकलेटी रंगाची एक पातळ चकाकी येते ना, ती मळ नाही जी, तांब्याचं ऑक्साइड आणि ग्राफाइट मिळून झालेला थर आहे तो, त्यावर ब्रश गुळगुळीत चालते. दर रविवारी घासून रिंग लख्ख करणारे लोक मी पाहिले आहेत, ते ब्रशचं आयुष्यच कमी करून राहिले.

तो थर टिकायला हवेत ओल लागते. दुसऱ्या महायुद्धात खूप उंच उडणाऱ्या विमानांचे ब्रश काही तासांत झिजून भुकटी व्हायचे, कारण वरची हवा एकदम कोरडी. म्हणून आपल्याकडे मे महिन्यात ब्रश झिजला की सगळे म्हणतात, नागपूरची गर्मी, हवा कोरडी. पण हिशोब करून पाहा राजेहो. ४४ अंशाला १२ टक्के आर्द्रता म्हणजे एका घनमीटर हवेत सात-साडेसात ग्रॅम पाणी असते. ब्रशला ८ ते १५ ग्रॅम आवडते, पण भुकटी व्हायचा धोका २-३ ग्रॅमच्या खाली असते. म्हणजे उन्हाळा थोडा त्रास देते, पण ब्रश आठवड्यात संपला तर उन्हाळ्याला दोष देऊ नका, आधी सिलिकॉन शोधा.

हे मी माझ्या हातून झालेलं सांगतो. पावसाळ्याच्या आधी पाणी शिरू नये म्हणून एका मोटरच्या स्लिप रिंग कव्हरच्या फटी मी सिलिकॉन सीलंटने बुजवल्या, छान काम झालं असं मला वाटलं. सहा महिने जाणारे ब्रश बारा दिवसांत संपले, खाली काळ्या भुकटीचा ढीग. सिलिकॉनची वाफ ब्रशच्या ठिणगीपाशी जळून तिथे सिलिका होते, म्हणजे वाळूच, आणि ती ब्रशला कानस मारल्यासारखी खाते. सगळं खरवडून काढलं, रिंग साफ केली, रबर गॅस्केट लावलं, तेव्हा कुठे ठीक झालं. त्या कव्हरवर मी पेंटने लिहून ठेवलं आहे की इथे सिलिकॉन लावू नये.

भुकटी साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका, भुकटी इन्सुलेशनच्या फटीत जाऊन बसते आणि मग मेगरचं, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरचं, रीडिंग घसरते. व्हॅक्यूमने ओढा, कोरड्या कापडाने पुसा. मेगर मारायच्या आधी एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर), टेंपरेचर कार्ड सगळं सोडवून ठेवा.

मधे एका भाऊने विचारलं की बसवल्यावर बरोबर बसली हे कसं कळेल. पॉवर देऊ नका. हाताने शाफ्ट एक पूर्ण फेरा फिरवा आणि बॉडीकडे पाहा, ती किती डुलते ते डोळ्याला दिसते. मग आतल्या रिंगांपैकी एका रिंगच्या दोन टोकांना, म्हणजे फिरत्या बाजूची वायर आणि बॉडीची वायर, मल्टिमीटर लावून परत हळूहळू फिरवा, आकडा एका जागी उडी मारते का ते पाहा. मारला तर ती जागा शाफ्टवर मार्करने खूण करा, आणि दुसऱ्या रिंगवर तीच तपासणी करा. सगळ्या रिंगवर उडी त्याच खुणेपाशी आली तर चूक सेंटरमध्ये, एकाच रिंगवर आली तर त्या ब्रशमध्ये किंवा वायरमध्ये.

इथे टेबलावर दोन शाफ्ट ठेवले आहेत, २५ मिमीचे, दोन्हीवर २५.४ ची रिंग चढवलेली, एकावर बुश लावून आणि दुसऱ्यावर नुसते ग्रब स्क्रू आवळून. बुश कोणत्यात आहे ते मी सांगत नाही. डायल गेज बाजूला ठेवलं आहे, तिघं तिघं जण पुढे या आणि काटा पाहून मला सांगा.